घोडवाटेचा हेवा

अण्णा, तुमच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला तो शाहीनच्या शब्दावर. हे मला अजून पचलेलं नाही.

रामकुंडावर आम्ही सगळे उभे होतो. ऊन चढलं होतं. पिंड मांडून बराच वेळ झाला होता आणि कावळे समोरच्या पत्र्यावर बसून नुसते बघत होते. काका म्हणाले, "मंजू, तू एकुलती एक. तूच बोल काहीतरी. दादाचा जीव कशात अडकलाय ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत असणार?" मी हात जोडून पुढं झाले. माझी काळजी करू नका म्हणाले. ईशानला चांगलं शिकवीन म्हणाले. पंचवटीतलं घर विकणार नाही, आईची तुळस वाळू देणार नाही, सगळं सांगून झालं. एकही कावळा जागचा हलला नाही. मग माझ्या मागून आवाज आला, "अण्णा, वाट मोडू देणार नाही. तुम्ही निवांत जा." पत्र्यावरून एक कावळा उतरला, पिंडाला चोच मारली आणि भात घेऊन उडाला. बायका रडायला लागल्या. काका म्हणाले, "सुटला."

तुम्ही असता तर म्हणाला असता, "कावळ्याला भूक लागली, तो आला. त्याला काय मराठी कळतं?" मीही मनाला तेच सांगते. पण तो कावळा माझ्या बोलण्यावर आला असता, तर मी मनाला असं काही सांगत बसले नसते, हेही खरं.

'अण्णा' हा शब्दसुद्धा तिनं घेतला. आधी ती तुम्हाला 'सर' म्हणायची. मग कधीतरी, मला न विचारता, अण्णा झालं. आता तुम्ही म्हणाल, यात तुला काय विचारायचं? बरोबर आहे. पण आई गेल्यावर या जगात तुम्हाला अण्णा म्हणणारी मी एकटीच उरले होते. काका दादा म्हणतात, ईशान आजोबा म्हणायचा, खात्यातले लोक साहेब म्हणायचे. तेवढा एक शब्द माझा होता.

आणि गंमत बघा, ती वाट आहे त्या डोंगरावर तुम्हाला मीच नेलं होतं.

आई जाऊन वर्ष झालं होतं. तुम्ही दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि पेपर वाचून झाला की तोच पुन्हा वाचायचा. ईशानला तेव्हा घोड्यावर बसायचं वेड लागलं होतं. गिरणाऱ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी राजाभाऊंचा तबेला आहे, तिथं रविवारी मुलांना शिकवतात, असं कुणीतरी सांगितलं. म्हटलं, अण्णांनाही नेऊ, तेवढीच हवा बदलेल. ईशान गोल रिंगणात फेऱ्या मारत होता आणि मी सावलीला बसले होते. वळून बघते तर तुमची खुर्ची रिकामी.

तबेल्यामागून पठारावर जायला एक वाट होती. सरळसोट, डोंगराच्या छातीवरून थेट वर. तुम्ही त्या वाटेच्या मधोमध उकिडवे बसला होता आणि जमिनीला पडलेल्या भेगेत हात घालून किती खोल आहे ते बघत होता. तेवढ्यात वरून एक मुलगी लंगडत्या घोड्याचा लगाम हातात धरून खाली आली. ती शाहीन. जुन्या नाशकात तिच्या आजोबांचा टांगा होता. टांगे गेले, पण घोड्यांचं वेड घरात राहिलं, ते तिच्या वाट्याला आलं. राजाभाऊंच्या तबेल्यात ती शिकवायची, घोड्यांचं सगळं तीच बघायची.

"ही वाट कुणी केली?" तुम्ही बसल्या जागेवरून विचारलंत.

"कुणी नाही. घोडे जातात, झाली. दर पावसात वाहून जाते. मग मुरूम टाकतो. पुन्हा वाहून जाते."

"जाणारच. ही वाट नाही, ओघळ आहे. तुम्ही घोड्यांना नाल्यातून चालवताय."

मला वाटलं, तिला राग येईल. ती घोड्याच्या पायावरून हात फिरवत म्हणाली, "मग दाखवा ना कशी करायची."

झालं. तुमची नोकरी गेली सगळी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांवर, माती वाहून जाऊ नये म्हणून आडवे चर खणून घेण्यात. रिटायर झाल्यापासून तुम्हाला कुणी 'दाखवा ना' म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, पण फार आधी. आठ-नऊ वर्षांची असताना म्हणायचे, "मला न्या ना एकदा डोंगरावर." तुम्ही शनिवारी संध्याकाळी घरी यायचा, बुटांना लाल माती, रुमालाच्या पुरचुंडीत माझ्यासाठी करवंदं. करवंदं द्यायचा आणि म्हणायचा, "जीपमध्ये जागा नसते गं." मला करवंदं फार आवडायची असं नाही अण्णा. ती जिथून येतात तिथं मला जायचं होतं.

ईशाननं महिन्याभरात घोडा सोडला आणि क्रिकेट धरलं. तुम्ही मात्र जायचं सोडलं नाही. सकाळी गिरणाऱ्याची बस धरायची, दुपारचा डबा माझ्याकडून न्यायचा, संध्याकाळी परत. राजाभाऊंना तुम्ही काय सांगितलंत कोण जाणे, पण त्यांनी तुम्हाला डोंगर मोकळा करून दिला आणि पायथ्याच्या पाड्यावरची चार माणसं दिली. सोमा त्यातलाच.

एका रविवारी तुम्ही माझ्याकडे जेवायला होता. मी भाताची मूद वाढली आणि तुम्ही ती चमच्यानं थापटून डोंगर केलात. म्हणालात, "ईशान, बघ. वाट अशी सरळ वर नेली." बोटानं मुदीवर उभी रेघ मारलीत आणि वरून वरण सोडलंत. वरण त्या रेघेतून सुसाट खाली ताटात. "आता घोड्यांचं बघ. माणूस चालला की माती दबते. घोडा चालला की नालेनं माती उकरली जाते. मोकळी झालेली माती आणि वर पाण्याला सरळ रस्ता. राहील का काही?" मग दुसरी मूद मागितलीत. तिच्यावर आडवी, हळूहळू चढत जाणारी रेघ. मध्ये मध्ये तिला एक हलकी बुडी दिलीत, म्हणजे चढता चढता वाट थोडीशी उतरते आणि पुन्हा चढते. रेघेची बाहेरची कड किंचित खाली कललेली. वरण आलं, रेघ ओलांडून सगळीकडून पातळ पसरून खाली गेलं. जे रेघेतून पळायला बघत होतं ते पहिल्या बुडीत अडकून बाहेर पडलं. रेघ तशीच.

"पाण्याशी मारामारी करायची नाही," तुम्ही म्हणालात. "त्याला वाटेवरून चालू द्यायचं नाही, ओलांडू द्यायचं. एवढाच धंदा आहे सगळा."

मला ते इतकं सुंदर वाटलं अण्णा. तुमची नोकरी काय होती हे मला त्या दिवशी, त्या ताटात, पहिल्यांदा दिसलं. मी काहीतरी विचारणार होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "ईशान, याचा फोटो काढ बेटा. शाहीनला पाठव."

मी समोर बसले होते. वरण मी केलं होतं.

मग साड्यांचं झालं. वाट आखायला तुम्ही लाकडाची उंच चौकट केली होती, मधोमध ओळंबा सोडलेली. तिचे दोन पाय टेकवत टेकवत डोंगरावर चढ मोजायचा आणि जागोजागी झुडपाला खूण बांधायची. खुणेला तुम्ही आईच्या दोन जुन्या साड्या फाडून नेल्यात. कपाट आवरताना मला कळलं.

"आईच्या साड्या फाडल्यात?"

"विरल्या होत्या. लाल रंग झाडीत लांबून दिसतो."

"मला विचारायचं तरी."

"तू दिल्या नसत्यास," तुम्ही म्हणालात. आणि ते खरं होतं म्हणून मला आणखी राग आला.

त्यानंतर तुम्ही किती वेळा म्हणालात, "चल एकदा, बघ तरी." मी नाही म्हटलं. ओझरची नोकरी, घर, ईशानचे क्लास, कारणं खरीच होती. पण मला ती वाट पाहायची नव्हती, हेही तितकंच खरं होतं. मी तुम्हाला ते तोंडावर सांगितलं होतं, त्यामुळे आता त्याचं ओझं नाही. गेल्या दिवाळीत फराळ करताना मी विचारलं, "अण्णा, मला का नाही नेलंत कधी? लहानपणी?" तुम्ही चकलीचा तुकडा मोडत म्हणालात, "तेव्हा जीपमध्ये खरंच जागा नसायची." मी म्हटलं, "शाहीनसाठी बरी जागा झाली." तुम्ही म्हणालात, "शाहीनला मी कुठं नेतो? ती मला नेते." मी उठून स्वयंपाकघरात गेले. ते भांडण तिथंच राहिलं. मला वाटलं होतं, पुढच्या दिवाळीला पुरं करू.

तुम्ही गेलात तेव्हा सकाळ होती, चहा अर्धा प्यायलेला होता. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. अमरधामला अग्नी मी दिला. शाहीन तिथं आली होती, तबेल्यातल्याच कपड्यांत, बुटांना शेण-माती. ती माझ्यापेक्षा जास्त रडली. लोक तिची समजूत घालायला गेले. मी ताठ उभी होते, म्हणून माझ्याकडे कुणी आलं नाही.

नंतर ती घरी आली आणि तिनं मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. तुम्ही घोड्यावर. तुम्ही, ज्यांना जिन्याचा कठडा धरल्याशिवाय उतरता येत नव्हतं. मोठा तपकिरी घोडा, त्याच्यावर तुम्ही, डोक्यावर शाहीनचं हेल्मेट तिरकं, आणि तुम्ही हसताय. एवढे दात मी तुमचे एकदम कधी पाहिले नव्हते.

"हा कलेक्टर," ती म्हणाली. "मान दिल्याशिवाय हलत नाही म्हणून नाव पडलं. अण्णा रोज त्याला गूळ द्यायचे. म्हणायचे, जन्मभर कलेक्टरला सलाम ठोकले, आता कलेक्टर माझ्या हातचं खातो."

हा विनोद तुम्ही घरी कधी केला नाहीत. मी हसले, पण आतून मला त्या घोड्याचासुद्धा हेवा वाटला.

तिला खरं बोलायचं होतं ते वेगळंच. राजाभाऊ म्हणत होते, वाट फार लांब आहे. शनिवार-रविवारी द्राक्षमळ्यांतल्या रिसॉर्टचे पाहुणे येतात, त्यांना पंधरा मिनिटांत पठारावर जाऊन फोटो काढून परत यायचं असतं. तुमची वाट डोंगराच्या सोंडेला वळसा घालून निवांत चढते. राजाभाऊंना जेसीबी लावून मधून सरळ रस्ता काढायचा होता, पुन्हा तीच जुनी सरळ वाट, फक्त रुंद. तो रस्ता तुमची वाट तीन ठिकाणी कापून जाणार.

"म्हणजे वरचं सगळं पाणी त्या रस्त्यानं पळणार आणि जिथं जिथं कापेल तिथं अण्णांच्या वाटेत घुसणार," शाहीन म्हणाली. "एका पावसात संपेल. माझं ते ऐकत नाहीत, मी त्यांची नोकर. तुम्ही बोला ना, दीदी. तुम्ही मुलगी आहात त्यांची."

मी म्हटलं, बघते.

आणि अण्णा, मी काहीही केलं नाही. पाऊस सुरू झाला. ओझरहून येताना बसच्या काचेवर सरी आपटायच्या आणि मला ती वाट वाहून जाताना दिसायची. मला वाईट वाटत नव्हतं. बुडी बुजली, कड तुटली, लाल पाणी खाली चाललंय, असं सगळं मी मनात रचत बसायचे आणि त्यात मला एक सुख होतं. माझे शनिवार ज्यांनी नेले ते डोंगर. माझे रविवार ज्यानं नेले तो डोंगर. जाऊ दे वाहून.

मग मी गेले ते तुमच्यावरच्या प्रेमानं गेले नाही. मला बघायचं होतं की माझ्याऐवजी तुम्ही असं काय निवडलंत. वाहून जायच्या आत एकदा बघून घ्यावं, एवढंच.

चांगला पाऊस पडत होता. शाहीन कलेक्टरवर पुढं, मी छत्री मिटून रेनकोट घालून मागं, सोमा फावडं खांद्यावर टाकून सगळ्यांत शेवटी. पहिल्या वळणापर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की मी चढतेय. दम लागेना. वाट डोंगराच्या पोटात बसवलेली होती, बाहेर भर टाकून रुंद केलेली कुठंच नव्हती. "भर घातली की घोड्याच्या वजनानं ढासळते," सोमा म्हणाला. "सायेब म्हनायचे, डोंगर खोदून जागा करा, उसनी माती नको. लय खोदलं आमी." फांद्या माझ्या डोक्याच्या कितीतरी वर तोडलेल्या होत्या. मला वाटलं, उगाच एवढं उंच कशाला. मग शाहीनकडे पाहिलं. घोड्यावरून ती त्या फांद्यांखालून मान न वाकवता गेली. वळणं एवढी ऐसपैस की कलेक्टर न थांबता, न घसरता फिरायचा. एके ठिकाणी झऱ्याचं पाणी वाट ओलांडून जात होतं. तिथं पाइप नव्हता, सिमेंट नव्हतं. मोठाले खडबडीत दगड उभे रोवून त्यांच्या फटीत बारीक खडी ठोकलेली होती, नाल घसरू नये म्हणून. त्या दगडांवरून पाणी पातळ होऊन वाहत होतं आणि घोडा त्यातून रस्त्यावरून जावा तसा गेला.

आईच्या साडीची एखादी चिंधी दिसते का म्हणून मी झुडपं बघत होते. एकही नव्हती. काम झाल्यावर तुम्ही सगळ्या सोडून घेतल्या होत्या. डोंगरावर आपलं काही मागं ठेवायचं नाही म्हणून, सोमानं सांगितलं.

पाऊस वाढला आणि डोंगरावरून पाणी उतरायला लागलं. मी थांबून बघत राहिले. वरच्या गवतातून पाणी येत होतं, वाट ओलांडत होतं, खालच्या गवतात जात होतं. सगळीकडून, आवाज न करता. माझ्या बुटांवरून. वाट ओली होती आणि जागेवर होती. मला रडू आलं अण्णा. दहाव्याला आलं नव्हतं. तुम्ही माझे सगळे शनिवार कशात घातलेत ते माझ्या पायाखालून वाहत होतं, आणि ते खरोखरच चांगलं होतं. वाईट असतं तर किती सोपं झालं असतं.

वरच्या अंगाला, पठाराच्या थोडं खाली, गडबड होती. रोजच्या टापांनी माती बाहेरच्या कडेला सरकून तिथं एक बारीक बांध तयार झाला होता. पाणी बाहेर पडायला बघत होतं आणि त्या बांधाला अडून वाटेवरूनच खाली धावत होतं. रेघ पडायला लागली होती.

"सोमाभाऊ, इथं फोडा," शाहीन घोड्यावरून उतरत म्हणाली.

"तिथं नको," मी म्हणाले. कसं म्हणाले मला माहीत नाही. "थोडं वर. पाणी बांधाला भेटतं तिथंच काढून द्यायला हवं. खाली येईपर्यंत त्याला जोर येतो."

"दीदी, इथं अण्णांनी उतार दिलाय. मला माहितीये, मी होते."

"असशील. पण पाणी तिथपर्यंत पोचतंय कुठं? आधीच वाट खातंय."

"तुम्ही आज पहिल्यांदा आलात."

"म्हणून काय झालं? डोळे आहेत मला."

आम्ही दोघी भर पावसात, चिखलात, एका वीतभर बांधावरून भांडत होतो. सोमा फावडं टेकून उभा होता. कलेक्टर मान हलवत होता. शेवटी सोमा म्हणाला, "दोन्हीकडं फोडतो. पानी ठरवंल." त्यानं आधी वर फोडलं. पाणी क्षणभर गोल फिरलं आणि त्या फटीतून सरळ गवतात उडी मारून गेलं. खाली रेघेतलं पाणी आटलं. शाहीननं दाखवलेल्या जागी फोडायची वेळच आली नाही.

अण्णा, मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. वयाला शोभणार नाही इतका. शाहीननं माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "बरं. तुमचं बरोबर." तिला ते जड गेलं. तेही मला आवडलं.

खाली आलो तेव्हा राजाभाऊ तबेल्याच्या ओसरीत बसले होते. मी चिखलानं माखलेली तशीच त्यांच्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, "चला माझ्याबरोबर."

"एवढ्या पावसात? चहा तर घ्या, ताई."

"आल्यावर घेते."

मी त्यांना लांब नेलं नाही. तबेल्यामागं, जुन्या सरळ वाटेच्या तोंडाशी नेलं. तिथून चहाच्या रंगाचं पाणी दगडगोटे घेऊन धाडधाड खाली येत होतं आणि थेट तबेल्याच्या भिंतीकडे चाललं होतं. तुम्ही तिथं अडवून बाजूला काढायला चर खणला होता, म्हणून भिंत शाबूत होती. चर काठोकाठ भरला होता.

"हे या अरुंद वाटेचं पाणी," मी म्हटलं. "जेसीबीनं रुंद केल्यावर केवढं येईल? तुमचे घोडे कुठं बांधणार?"

"ताई, पण लोकांना वेळ नसतो हो. लांब वाट नको म्हणतात."

"मग पहिल्या वळणापर्यंत न्या आणि फोटो काढून आणा. तिथूनही खालच्या धरणाचं पाणी दिसतं. मी आत्ता बघून आले."

ते चराच्या काठापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत राहू द्या मग. नंतर बघू." मला माहीत आहे, नंतर ते पुन्हा जेसीबीचं काढतील. तेव्हा पुन्हा जावं लागेल. जाईन. रविवारी एक फेरी मारायला मी सुरुवात केलीच आहे. शाहीनला ते फारसं आवडलेलं नाही, असं मला वाटतं. ती माझ्या मागे मागे येते आणि मी कुठं फावडं लावते ते बघते.

त्या दिवशी चहा आम्ही दोघी तबेल्यात बसून प्यालो. बाहेर पाऊस चालूच होता. ती कलेक्टरचे खूर साफ करत होती. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"अण्णा माझ्याबद्दल काय बोलायचे?"

तिनं खूर खाली ठेवला. तिला खोटं बोलता येत नाही, हे तुम्हाला आधीच कळलं असेल, मला तेव्हा कळलं. "जास्त नाही बोलायचे," ती म्हणाली.

मी मान हलवली. माझी काही वेगळी अपेक्षा होती असं नाही.

"पण दुपारी तुमचा फोन यायचा ना," ती म्हणाली, "तेव्हा हात वर करून सगळ्यांना थांबवायचे. सोमाभाऊची कुदळ बंद, घोडे बंद. मंजूचा आहे, म्हणायचे. टापा वाजल्या की ऐकू येत नाही त्यांना. मी लगाम धरून उभी राहायची. एकदा एवढा मोठा पाऊस आला, तरी कुणाला हलू दिलं नाही. सगळे भिजलो."

माझा फोन. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून केलेला. जेवलात का, गोळी घेतलीत का. तुम्ही म्हणायचा, "हं. हो. घेतली. बरं, ठेव." तुमच्या मागं इतकी शांतता असायची की मला वाटायचं, अण्णा कुठंतरी सावलीत रिकामे बसलेत आणि तरी माझ्याशी दोन शब्द जास्त बोलवत नाहीत.

"आणि फोन ठेवल्यावर?"

"मग काही नाही. थोडा वेळ फोन तसाच हातात धरून उभे राहायचे. मग चला म्हणायचे."

"चेहरा कसा असायचा त्यांचा?"

शाहीननं माझ्याकडे पाहिलं. हातातला ब्रश बाजूला ठेवला, उभी राहिली, हात पुसले. "असा," ती म्हणाली, आणि तुमचा चेहरा करून दाखवायला लागली. भुवया जरा वर, ओठ मिटलेले, नजर कुठंतरी लांब, खालच्या रस्त्याकडे. तिला ते नीट जमत नव्हतं. तरुण चेहरा आहे तिचा, सुरकुत्या नाहीत.

अण्णा, तो चेहरा तिनं रोज दुपारी पाहिला. माझ्यासाठी होता आणि मी एकदाही पाहिला नाही. तुमची वाट, तुमचा गूळ, तुमचे ते सगळे दात, तुमचं नाव, सगळ्याचा हेवा कधीतरी ओसरेल असं मला वाटतं. याचा ओसरणार नाही.

"पुन्हा कर," मी तिला म्हणाले.